काकू, बोर्डावर कुणाला घेऊ?

या आठवड्याचं पत्र नाशिकहून आलंय. मोठं होतं, मी कापून देतेय.

"काकू, नमस्कार. आमची अंबड एमआयडीसीत शीट मेटल आणि वेल्डेड पार्ट्सची कंपनी आहे. बाबांनी १९९१ मध्ये दोन प्रेसवर सुरू केली. गेल्या वर्षी प्रायव्हेटची पब्लिक लिमिटेड केली कारण दोन-तीन वर्षांत एसएमई आयपीओ, म्हणजे छोट्या कंपन्यांसाठीच्या शेअर बाजारात शेअर्स विकायला, आणायचं चाललंय. मार्चअखेर टर्नओव्हर ११२ कोटी. सध्या बोर्डावर बाबा, आई, दादा आणि मी. आता आमचे सीएस (कंपनी सेक्रेटरी) म्हणतात दोन इंडिपेंडंट डायरेक्टर, म्हणजे घराशी-कंपनीशी संबंध नसलेले संचालक, घ्यावेच लागतील. बाबांची लिस्ट तयार आहे: मामा, जे काही वर्षं आमच्याकडेच परचेस बघायचे, सीए काका, जे गेल्या वर्षीपर्यंत आमचं ऑडिट करत होते, एक माजी आमदार, आणि बाबांचे गोल्फ क्लब ग्राउंडवरचे वॉकवाले मित्र, बँकेतून रिटायर झालेले. हे बँकवाले काका चांगले आहेत पण २०१३ साली त्यांनीच बाबांचं टर्म लोन अडवलं होतं, तेव्हा सहा महिने दोघांचं बोलणं बंद होतं. मला कुणीतरी प्रोफेशनल हवंय. लिंक्डइनवर एक जण आहेत, नऊ कंपन्यांच्या बोर्डावर आहेत, खूप फॉलोअर्स आहेत, मेसेज केला तर दहा मिनिटांत हो म्हणाले. बाबा म्हणतात बाहेरच्याला घरातलं कशाला दाखवायचं. कुणाला घेऊ आणि बाबांना कसं सांगू?"

अगं, आधी एक सांगते म्हणजे रागावू नकोस. बाबांची लिस्ट चुकलीये आणि तुझीही चुकलीये, पण बाबांच्या लिस्टमध्ये एक नाव असं आहे की ते तू स्वतःच नकळत "पण" लावून खाली ढकललंयस. त्याच्यावर येतेच.

मी एकतीस वर्षं कंपनी सेक्रेटरी होते, म्हणजे बोर्ड मीटिंगमध्ये कोपऱ्यात बसून मिनिट्स लिहिणारी बाई. त्या खुर्चीवरून जे दिसतं ते चेअरमनच्या खुर्चीवरून दिसत नाही. एका कंपनीत (नाव नको) एक फार मोठे रिटायर्ड साहेब आठ वर्षं बोर्डावर होते, गाडी पाठवायला लागायची, बसायला ठरलेली खुर्ची, आणि आठ वर्षांच्या मिनिट्समध्ये त्यांच्या नावापुढे मी काय लिहिलं असेल तर चेअरमनचे आभार मानले, एवढंच. त्याच बोर्डावर नंतर एक गृहस्थ आले, एका कारखान्याचे माजी वर्क्स मॅनेजर, इंग्रजी बेताचं, आणि दुसऱ्याच मीटिंगला त्यांनी विचारलं की विक्री तेवढीच आहे आणि स्टॉक दरवर्षी वाढतोय, तर हा माल ठेवलाय कुठे? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. हे स्वतः जाऊन गोडाऊन बघून आले. निम्मा माल गंजलेला, कुणी घेणार नाही असा, आणि पुस्तकात मात्र पूर्ण किमतीला धरलेला. त्या एका प्रश्नाने त्या वर्षीचा नफा खाली आला, पण पुढची भानगड वाचली.

आता कायद्याचं पटकन उरकते कारण तुमच्या सीएसनी सांगितलं असेलच. पब्लिक लिमिटेड, लिस्टेड (शेअर बाजारात नोंदलेली) नाही, पण भरणा झालेलं भांडवल १० कोटी किंवा टर्नओव्हर १०० कोटी किंवा एकूण कर्ज ५० कोटींच्या वर, यातलं एकही लागू झालं की कमीत कमी दोन इंडिपेंडंट डायरेक्टर, आणि शिवाय हिशोब बघणारी ऑडिट कमिटी आणि नेमणुका बघणारी नॉमिनेशन कमिटी पण. तुमचे ११२ कोटी म्हणजे तुम्ही त्यात आलात. वुमन डायरेक्टर लिस्टेड झाल्यावर लागेल, तर तू आणि आई आहातच, त्यासाठी वहिनीचं नाव घालायची घाई करू नका. आणि लिस्टिंगनंतर एक तृतीयांश इंडिपेंडंट लागतात, चार तुम्ही आणि दोन हे, सहात दोन, बसतं बरोबर. (पुढे कधी मेन बोर्डवर, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या बाजारात, गेलात आणि चेअरमन बाबाच राहिले तर निम्मे लागतील, ते तेव्हा बघू.)

मामांचं बघ. बाबांना वाटतंय मेहुणा म्हणजे काय नात्यात थोडाच धरतात. पण आई डायरेक्टर आहे, आणि भाऊ कायद्याच्या रिलेटिव्हच्या यादीत स्पष्ट लिहिलाय, म्हणजे आईच्या बाजूने मामा आत आले आणि इंडिपेंडंट म्हणून बाद झाले. त्यात ते तुमच्याकडे नोकरीला होते, ती सोडून तीन वर्षं झाली नसतील तर नातं बाजूला ठेवलं तरी बादच. सीए काका तर सरळच बाद, ज्या फर्मने तुमचं ऑडिट केलं तिचा पार्टनर किंवा मालक आधीच्या तीन आर्थिक वर्षांत असेल तर चालत नाही, आणि खरं सांगू का, कायदा नसता तरी मी नको म्हटलं असतं, कारण ज्या माणसाने इतकी वर्षं तुमचे आकडे बरोबर आहेत म्हणून सही केली तो आता उठून "हे आकडे कसे आले" असं कशाला विचारेल? स्वतःच्याच सहीवर प्रश्न विचारणं फार थोड्या लोकांना जमतं.

माजी आमदारांबद्दल एकच विचारते, त्यांना कशासाठी घ्यायचंय हे बाबा मोठ्याने बोलून दाखवतील का? वीज, पाणी, प्लॉटचं एक्स्टेन्शन, कुठलंसं अडलेलं काम. म्हणजे बोर्डावर बसवून काम बोर्डाबाहेरचं करून घ्यायचं. पुढे आयपीओच्या वेळी तो हाताळणारा मर्चंट बँकर एकेका डायरेक्टरच्या केसेस, कंपन्या, सगळं खणून काढतो आणि ते सगळं ऑफर डॉक्युमेंटमध्ये छापून येतं. दिवाळीला मिठाई पाठवा, तेवढं पुरे.

आणि तुझे लिंक्डइनवाले. नऊ बोर्ड! आता हिशोब कर, एका कंपनीत वर्षाला कमीत कमी चार बोर्ड मीटिंगा, नऊ चोक छत्तीस, म्हणजे महिन्याला तीन, आणि हे फक्त बोर्डाचं, ऑडिट कमिटी वगैरे वेगळंच. प्रत्येक मीटिंगचे कागद आमच्या वेळी दीडशे-दोनशे पानांचे असायचे. हा माणूस वाचणार कधी आणि फॉलोअर्ससाठी पोस्टी लिहिणार कधी? कायद्याने वीस कंपन्यांपर्यंत चालतं, त्यात पब्लिक दहा, म्हणजे ते बेकायदा काही करत नाहीत, पण जो माणूस तुमची बॅलन्स शीट न मागता दहा मिनिटांत हो म्हणतो त्याला एकतर धोका कळत नाही किंवा कळूनही फरक पडत नाही. चांगला माणूस आधी तुम्हालाच तपासतो. तो म्हणतो तीन वर्षांचे अकाउंट्स द्या, ऑडिटरशी बोलू द्या, एकदा शॉप फ्लोअर दाखवा, कोर्टात काय काय चालू आहे ते सांगा. तो जर असं काही विचारत नसेल ना, तर मीटिंगमध्येही विचारणार नाही, एवढी साधी गोष्ट आहे.

मोठ्या नावांचं काय होतं ते सत्यम या आयटी कंपनीच्या बोर्डाने दाखवलंय. तू तेव्हा कॉलेजात असशील. काय बोर्ड होतं ते! हार्वर्डचे प्राध्यापक, माजी कॅबिनेट सेक्रेटरी, पेंटियम चिपचे जनक म्हणून ओळखले जाणारे इंजिनिअर, बिझनेस स्कूलचे डीन, आयआयटी दिल्लीचे माजी संचालक. १६ डिसेंबर २००८ ला या बोर्डापुढे ठराव आला की सत्यमने मेटास नावाच्या दोन कंपन्या घ्यायच्या, साधारण १.६ अब्ज डॉलर्सना, आणि मेटास कुणाच्या तर सत्यमचे चेअरमन रामलिंग राजू यांच्या घरच्याच, इंग्रजी अक्षरांत सत्यम उलटं वाचलं की मेटास. म्हणजे नावातच पाटी लावलेली होती! प्रश्न विचारले गेले बरं का, अगदीच गप्प नव्हते बसले, पण ठराव झाला तो एकमताने. बाजारात गुंतवणूकदारांनी बोंब मारली तेव्हा काही तासांत मागे घेतला, आणि ७ जानेवारी २००९ ला राजूंचं पत्र आलं की पाच हजार कोटींच्या वर रक्कम पुस्तकात आहे, बँकेत नाही. मग सरकारने ते बोर्ड काढून नवीन नेमलं, दीपक पारेख, किरण कर्णिक, सी. अच्युतन, आणि पाठोपाठ तरुण दास, टी. एन. मनोहरन आणि एलआयसीचे एस. बी. मैनाक. सहा माणसं. पगार कसे भागवायचे, क्लायंट कसे टिकवायचे, हिशोब कुठून लावायचा, या कामाला बसले, आणि एप्रिल २००९ मध्ये टेक महिंद्राला कंपनी गेली पण. ही नावं पण मोठीच होती म्हणशील. हो, पण कुठल्या कामाला कोण हवंय हे बघून नेमलेली. अकाउंट्स समजणारा, विमा कंपनीतला, आयटी उद्योग ओळखणारा, कायदा जाणणारा.

म्हणून मी काय म्हणते, आधी माणसांची नावं बाजूला ठेव. एक कागद घे आणि लिही की पुढच्या पाच वर्षांत आपली कंपनी कशामुळे बुडू शकते. चांगलं चाललंय, एक्स्पोर्ट करणार, ते नको लिहू. बुडू कशी शकते तेवढंच. तुझ्या पत्राच्या मी कापलेल्या भागातूनच मला चार गोष्टी दिसल्या: ६४ टक्के माल एकाच गिऱ्हाइकाला जातो; तुमच्या पार्ट्सपैकी बरेच एक्झॉस्टचे, म्हणजे इलेक्ट्रिक गाडीत लागतच नाहीत; नव्या लेझर मशीनसाठी कर्ज घेतलंय; आणि प्लेटिंग चुलतभावाकडे जातं आणि शेड आईच्या नावावर आहे, कंपनी भाडं देते. पाचवी तू लिहिली नाहीयेस पण ओळींच्या मधून दिसतेय, बाबांनंतर एमडी कोण, तू की दादा.

आता बघ, पहिल्या दोन गोष्टींसाठी धंद्यातला माणूस हवा. ज्याने एकदा तरी मोठं गिऱ्हाईक जाताना बघितलंय आणि नवीन लाइन उभी केलीय असा. चाकणला, वाळूजला, भोसरीला अशी माणसं आहेत, प्लांट हेड, ऑपरेशन्स बघितलेली, नुकतीच रिटायर झालेली, बायकाही आहेत त्यात, फक्त त्या लिंक्डइनवर पोस्टी टाकत नाहीत म्हणून तुला दिसल्या नाहीत. तुमच्या त्या एका गिऱ्हाइकाच्या परचेसमधला माणूस मात्र नको. बाबांना तो मोह होईल, पक्कं सांगते, पण मग ऑर्डर गेली तर तो कुणाच्या बाजूचा आणि राहिली तर कशाच्या बदल्यात, हा घोळ आयुष्यभर पुरेल. नावं शोधायला सरकारची एक डेटाबँक पण आहे, मानेसरच्या आयआयसीएची, २०१९ पासून, इंडिपेंडंट डायरेक्टर व्हायचं तर त्यात नाव लागतंच आणि ज्यांना आधीचा अनुभव नाही त्यांना ऑनलाइन परीक्षा पण द्यावी लागते. पण ती परीक्षा पास म्हणजे माणूस चांगला असं धरू नकोस, लायसन आहे म्हणून गाडी हातात देतो का आपण?

कर्ज आणि घरचे व्यवहार, याला दुसरा माणूस. इथे जरा थांबून सांगते कारण सगळ्यात जास्त गडबड इथेच होते. शेडचं भाडं वाढवायचं, हा विषय मीटिंगला आला. शेड आईची. ज्याचा व्यवहारात संबंध आहे त्याने त्या चर्चेत बसायचं नाही असा नियम. आता आई, बाबा, दादा, तू, चौघंही या ना त्या बाजूने त्यात आहातच, मग मोकळेपणाने बोलणारं टेबलाशी कोण उरतं? हीच दोन बाहेरची माणसं. ऑडिट कमिटीत पण तेच, तीन जणांची कमिटी, त्यात इंडिपेंडंट जास्त हवेत, म्हणजे हे दोघं आणि तुमच्यापैकी एक. आणि त्या तिघांत जास्तीच्या जणांना बॅलन्स शीट वाचता आली पाहिजे असं कायदाच म्हणतो. म्हणजे तू दोन माणसं शोभेसाठी घेत नाहीयेस, तुमच्या घरचे पैसे आणि कंपनीचे पैसे यांच्या मधल्या भिंतीवर या दोघांनाच बसायचंय.

तर या खुर्चीवर कोण? अगं, ज्यांनी २०१३ ला बाबांचं लोन अडवलं ते! मित्र आहेत, रोज सोबत चालतात, आणि तरी कागद पटले नाहीत तेव्हा नाही म्हणाले, सहा महिने अबोला सोसला पण सही केली नाही. आणि पुढे परत मैत्री झाली, म्हणजे बाबांनाही मनातून ते पटलं असणार. याच्यावर अजून कुठली परीक्षा घेणार आहेस तू? मी एकतीस वर्षांत असे डायरेक्टर हातावर मोजण्याइतके बघितले. लोन कुठल्या कारणाने अडलं होतं ते मात्र नीट विचारून घे, नुसता खडूसपणा होता की खरंच काही दिसलं होतं. आणि ज्या बँकेत तुमची लिमिट आहे तिच्याशी त्यांचा आता काही कन्सल्टिंगचा वगैरे संबंध नाही ना, तुमच्या कंपनीचे शेअर्स किंवा तुमच्याशी काही देणंघेणं नाही ना, हे सीएसना लेखी बघू दे. वॉकवाले मित्र म्हणून कायद्याला हरकत नाही.

दोघांनाही घेण्याआधी एक गोष्ट कर, माझ्या अनुभवात बायोडेटापेक्षा हिचा उपयोग जास्त. गोपनीयतेचा कागद सही करून घे आणि गेल्या वर्षीची बॅलन्स शीट, एका मीटिंगचे कागद आणि कर्जाचं सँक्शन लेटर त्यांना दे. आठवड्याने चहाला बोलाव. काहीच विचारू नकोस. ते काय विचारतात ते ऐक. "व्हिजन छान आहे" म्हणाले तर चहा पाजून सोडून दे. "तुमच्या उधारीत सहा महिन्यांच्या वरचे किती?" असं विचारलं तर परत एक कप पाज. आणि एमसीएच्या (कंपनी खात्याच्या) साइटवर त्यांचा डीआयएन, म्हणजे डायरेक्टरचा नंबर, टाकून बघायचं विसरू नकोस, कुठकुठल्या कंपनीत नाव आहे, तिथले रिटर्न भरलेत की नाही. २०१७ मध्ये सरकारने तीन लाखांवर डायरेक्टर अपात्र ठरवले होते, कंपनीने सलग तीन वर्षं हिशोब भरले नाहीत म्हणून. त्यातल्या कितीतरी लोकांना आपण अजून कुठल्यातरी जुन्या बंद कंपनीत डायरेक्टर आहोत हे आठवत पण नव्हतं. मेहुण्याच्या सांगण्यावरून सही केलेली असते कधीतरी.

पैशाचं पण बोलून टाकते. सीटिंग फी मीटिंगला एक लाखापर्यंत देता येते, तेवढी तुम्ही देऊ नका, पण पाच हजार आणि ड्रायफ्रूटचा डबा देऊन माणसाने दोनशे पानं वाचावीत ही अपेक्षा पण करू नका. जबाबदारी त्याच्यावरही येते, त्याला माहीत असून, त्याच्या संमतीने किंवा त्याच्या हलगर्जीपणामुळे काही झालं तर. ईएसओपी, म्हणजे कंपनीचे शेअर्स ठरलेल्या भावात घ्यायचा हक्क, इंडिपेंडंट डायरेक्टरला देता येत नाही. नेमणुकीचं पत्र नीट कर, टर्म जास्तीत जास्त पाच वर्षांची असते, शेअरहोल्डर्सची मंजुरी लागते, आणि त्या पत्रात किती वेळ द्यायचा ते स्पष्ट लिही.

राहिले बाबा. "तुमची लिस्ट चुकीची" असं सांगायला जाऊ नकोस, चौतीस वर्षांत त्यांनी या लिस्टपेक्षा कितीतरी अवघड गोष्टी केल्यात. तो बुडण्याचा कागद त्यांच्याबरोबर बसून लिही. म्हण, बाबा, तुम्हाला रात्री झोप कशाने लागत नाही ते सांगा. दादालाही बसव, हे महत्त्वाचं, नाहीतर त्याला वाटेल बहीण आपली माणसं भरतेय. बाहेरच्याला घरातलं दाखवायचं नाही हे त्यांचं म्हणणं मला कळतं, पण आयपीओ म्हणजे बाहेरच्या हजारभर लोकांना घरातलं दाखवणंच आहे, ते दोघांपासून सुरू केलं तर नजर सरावते. मामांना दुखवायचं नसेल तर परचेसमध्ये सल्लागार म्हणून राहू देत, बोर्डाचा हट्ट सोडायला आईलाच सांगायला लाव, तिच्या भावाला ती बरोबर सांगेल. आणि अजून एक आधीच सांगून ठेव बाबांना, की वर्षातून एकदा तरी हे दोघं इंडिपेंडंट तुम्हा चौघांना बाहेर ठेवून आपसांत मीटिंग घेतात, कायद्यातच आहे तसं. मी एका प्रमोटरला त्या दिवशी बंद दाराबाहेर येरझाऱ्या घालताना बघितलंय, आत नेमकं काय चाललंय विचारायला तीनदा मला बाहेर बोलावलं होतं त्यांनी.

बँकवाल्या काकांना तू फोन करू नकोस. ते बाबांनीच विचारायचं, चालता चालता, ग्राउंडवर. आणि तोपर्यंत तू एक काम करून ठेव, शेडचा भाडेकरार शोध. रजिस्टर्ड आहे का, भाडं कशावरून ठरवलं, शेवटचं कधी वाढवलं. बँकेत आयुष्य गेलेला माणूस आहे, पहिल्या मीटिंगला पहिला कागद तोच मागणार.